मामांच्या पुरस्कारांची यादी: नामांकन कुठे लिहायचं आणि कुठे नाही

तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. मामांची पंचाहत्तरी आली आहे. कोल्हापुरात हौशी रंगभूमीवर सुरुवात, मग व्यावसायिक नाटकं, मराठी चित्रपट, थोडं हिंदी आणि अलीकडे मालिका, असा त्यांचा प्रवास. घरचे आणि जुने सहकारी मिळून गौरव अंक काढताहेत आणि त्यातलं ‘पुरस्कार व नामांकने’ हे पान तुमच्याकडे आलं आहे. घरात ट्रंकभर प्रमाणपत्रं आणि कपाटभर स्मृतिचिन्हं आहेत. मामा म्हणतात शंभरावर पुरस्कार असतील. मावसभावाने परदेशी नटांच्या याद्या बघितल्यात. वर्ष, पुरस्कार, कलाकृती, ‘विजयी’ किंवा ‘नामांकित’ असा तक्ता, आणि खाली एकूण बेरीज. त्याला मामांचंही तसंच हवं आहे. तुम्ही विचारता, नामांकनं शोधायची कुठे आणि मोजायची कशी?

कोल्हापूर-सांगलीकडच्या कलावंतांचे गौरव अंक आणि स्मरणिका संपादित करण्यात माझं बरंच आयुष्य गेलं, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. तक्ता जरूर करा, पण तो साचा जसाच्या तसा उचलू नका. तिकडे नाटकाच्या आणि सिनेमाच्या मोठ्या पुरस्कारांत आधी चार-पाच नावं जाहीर होतात, मग त्यातला एक निवडतात. त्यामुळे पन्नास वर्षं काम केलेल्या नटाच्या नावावर नामांकनांची लांबलचक रांग लागते. आपल्याकडे ज्यांना खरं वजन आहे असे बहुतेक सन्मान नामांकनाविनाच दिले जातात. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारात परीक्षक मंडळ चित्रपट बघतं आणि थेट निकाल लावतं, मधली यादी बाहेर येतच नाही. संगीत नाटक अकादमी, पद्म पुरस्कार, महाराष्ट्र भूषण, सांगलीचं विष्णुदास भावे गौरवपदक, कशातच ‘अंतिम पाच’ नावाचा प्रकार नाही. तेव्हा मामांच्या तक्त्यात नामांकनाच्या ओळी कमी दिसल्या तर तो मामांचा कमीपणा समजू नका, आपल्याकडची रीतच तशी आहे. भरायच्या म्हणून ओळी भरायला गेलात की यादीत नको ते शिरतं.

आपल्या कोल्हापुरातलंच उदाहरण घ्या. सुलोचनादीदींची कारकीर्द इथे भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडली. मराठी-हिंदी मिळून शेकड्यांनी चित्रपट केले. त्यांचे ठळक सन्मान लिहायला बसलात तर १९९९ ची पद्मश्री, २००४ चा फिल्मफेअरचा जीवनगौरव आणि २००९ चा महाराष्ट्र भूषण पुढे येतात. तिन्ही स्पर्धेचे नव्हेत, तिन्ही एकूण कामगिरीसाठी. चंद्रकांत मांडरे यांची १९८४ ची पद्मश्री तशीच. खुद्द भालजींच्या नावापुढे १९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार लिहिला की पान भरतं. या माणसांच्या नावापुढे कुणी नामांकनं मोजायला गेलं नाही.

आता नामांकन कुठे लिहायचं ते. माझी कसोटी साधी आहे. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने त्या वर्गातली नावं निकालाआधी स्वतः जाहीर केली होती का? केली असतील तर लिहा, नसतील तर सोडून द्या. महाराष्ट्र राज्य मराठी चित्रपट पुरस्कारात प्राथमिक फेरीनंतर अभिनयासकट बऱ्याच विभागांची नामांकनं शासन जाहीर करतं, वर्तमानपत्रांत येतात. ती बेलाशक लिहा. फिल्मफेअर, झी गौरव, मटा सन्मान यांचीही नामांकनं जाहीर होतात. झी आणि मटामध्ये नाटकाचे वेगळे विभाग आहेत, त्यामुळे व्यावसायिक रंगभूमीवरच्या नटाला नामांकन सापडायची शक्यता मुख्यतः तिथेच. त्याआधीच्या काळासाठी ‘नाट्यदर्पण’ या नियतकालिकाचे जुने अंक आणि त्याच्या पुरस्कारांची कात्रणं बघा. एक काळ असा होता की नाटकवाल्यांचं वर्ष त्या पुरस्कारांच्या एका रात्रीभोवती फिरायचं. फिल्मफेअरचे मराठी पुरस्कार मध्ये बराच काळ बंद होते आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या मधल्या वर्षांतलं ‘मराठी फिल्मफेअर नामांकन’ कुणी सांगितलं तर आधी कागद मागा.

आणि पद्मश्री. हा घोळ इतक्या घरांत बघितलाय की वेगळा सांगतो. पद्म पुरस्कारासाठी कुणीही कुणाचं नाव पाठवू शकतं, स्वतःचंही. सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा आणि आठशे शब्दांच्या आत कामगिरी लिहायची. इंग्रजीत या अर्जालाच नॉमिनेशन म्हणतात, मग गावातल्या एखाद्या मंडळाने अर्ज भरला की दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘अमुक यांना पद्मश्रीचे नामांकन’. अर्ज हजारोंनी येतात, आणि सरकार त्यातून निवडक नावांची कुठलीही मधली यादी काढत नाही. २६ जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी थेट अंतिम नावं येतात. म्हणून मामांच्या ट्रंकेत असं कात्रण निघालं तर जपून ठेवा, पण तक्त्यात घेऊ नका. ज्यांना हे ठाऊक आहे ते त्या एका ओळीमुळे बाकीच्या खऱ्या ओळींकडेही संशयाने बघतात.

ऑस्करचंही असंच. ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि ‘कोर्ट’ (२०१५) हे मराठी चित्रपट भारताकडून अधिकृतपणे पाठवले गेले. पाठवलं जाणं हा मोठाच मान आहे, पण त्यातल्या एकालाही नामांकन मिळालेलं नाही. परदेशी भाषेच्या विभागात अंतिम पाचांत आजवर आपले तीनच चित्रपट पोचले: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. अशा पाठवलेल्या चित्रपटात मामांची भूमिका असेल, तर तो चित्रपट त्यांच्या चित्रपटसूचीत येऊ द्या आणि पुढे ‘भारताची अधिकृत प्रवेशिका’ अशी टीप द्या. पुरस्काराच्या पानावर त्याला जागा नाही. महोत्सवात चित्रपट दाखवला गेला तर ती ‘निवड’ झाली, तीही सूचीतच. आपल्या कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवलेला चित्रपट सूचीत जाईल, पण त्याच महोत्सवात व्यक्तीला दिला जाणारा कलामहर्षी बाबूराव पेंटर पुरस्कार मिळाला असेल तर तो सन्मानांत, आणि वरच्या ओळीत.

यातूनच दुसरा प्रश्न निघतो: पुरस्कार कुणाचा? नाटक-सिनेमा हे सगळ्यांनी मिळून करायचं काम, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं बक्षीस आपलंही आहे. वाटू द्यावं. छापताना मात्र ज्याच्या नावाने दिलं त्याच्याच खात्यात टाकावं. १९५३ च्या चित्रपटांसाठी पहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालं, ते चित्रपटाचं. आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंच्या वैयक्तिक यादीत ते येत नाही. अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार तेव्हा नव्हतेच, ते साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘नटसम्राट’ला मिळाला, तो शिरवाडकरांचा. त्यातले नायक अप्पा बेलवलकर रंगवणाऱ्या एकाही नटाचा तो नव्हे. तुमच्या मामांच्या नाटकाला राज्य नाट्य स्पर्धेत सांघिक पहिलं आलं असेल आणि मामांना अभिनयाचं काही नसेल, तर ते भूमिकेच्या नोंदीत लिहा: ‘या प्रयोगास कोल्हापूर केंद्रावर प्रथम क्रमांक’. पुरस्कारांत ओढू नका.

राज्य नाट्य स्पर्धेवर जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या पिढीला तिचं मोल कळत नाही असं मला वाटतं. १९५४ पासून चालत आलेली ही हौशी नाटकांची स्पर्धा आहे. दर हंगामात केंद्राकेंद्रावर प्राथमिक फेरी, मग अंतिम फेरी. दिवसभर बँकेत, शाळेत, कारखान्यात राबून रात्री तालमी करणारी मंडळी त्यात उतरतात. कोल्हापूर केंद्रावर किती तरी वर्षं केशवराव भोसले नाट्यगृहात हे प्रयोग व्हायचे. तिथे परीक्षकांसमोर अभिनयाचं रौप्यपदक घेणं म्हणजे त्या हंगामात त्या केंद्रावर उभ्या राहिलेल्या सगळ्या नटांतून वर निघणं. माझ्या मते टीव्हीवरच्या सोहळ्यांत दिसणाऱ्या बऱ्याच चकचकीत ट्रॉफींपेक्षा ते पदक भारी.

त्या निकालाची रचना समजून घ्या, म्हणजे ट्रंकेतला कागद वाचता येईल. आधी सांघिक क्रमांक, मग दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा, त्यानंतर ‘उत्कृष्ट अभिनय रौप्यपदक’ आणि शेवटी ‘अभिनयासाठी गुणवत्ता प्रमाणपत्रे’, त्यात अनेक नावं. मावसभावाला ‘नामांकित’ या रकान्याशी जुळणारं काही हवंच असेल, तर सगळ्यांत जवळचं हे गुणवत्ता प्रमाणपत्र. तरीही त्याला नामांकन म्हणू नका, ‘गुणवत्ता प्रमाणपत्र’च म्हणा. ते स्वतःच्या पायावर उभं आहे. राष्ट्रीय पुरस्कारातला ‘विशेष उल्लेख’ही याच जातीचा: पदक नाही, प्रमाणपत्र आहे, पण परीक्षकांनी नाव घेऊन दिलेलं.

एक प्रमाणपत्र हातात घेऊन बसा आणि नीट वाचा. वर मुद्रा कुणाची ते बघा.  खाली स्पर्धा कितवी, फेरी कोणती, केंद्र कोणतं. मग नाव. मामांचं पाळण्यातलं नाव, नाटकाच्या जाहिरातीतलं नाव आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीतलं नाव ही तीन वेगळी असू शकतात, जसं असेल तसं टिपून घ्या. त्यानंतर नाटक. भूमिकेचं नाव पुष्कळदा नसतं, ते हस्तपत्रिकेवरून, म्हणजे प्रयोगाच्या वेळी वाटलेल्या छापील पत्रकावरून, घ्यावं लागतं. सही कुणाची, तिच्याखाली हुद्दा काय आणि तारीख कोणती. ही तारीख बहुतेकदा बक्षीस समारंभाची असते, प्रयोगाची नव्हे. पदक असेल तर भिंग घेऊन मागची बाजू बघा. जुन्या पदकांवर कोरीव मजकूर असतो, पण घरात हौसेने ब्रासो लावून घासलेलं असेल तर अक्षरं पुसट होतात. उजेड तिरपा टाकून मोबाइलवर फोटो काढा, साल वाचता येतं. ट्रॉफीवरच्या पत्र्याच्या पट्ट्या नुसत्या चिकटवलेल्या असतात. गळालेली पट्टी दुसऱ्याच ट्रॉफीवर बसवलेली मी पाहिली आहे, तेव्हा एकट्या पट्टीवर विसंबू नका.

सालाचा गोंधळ तर हमखास. एकाच पुरस्काराला तीन सालं असतात: काम कधीचं, पुरस्कार कोणत्या वर्षाचा आणि हातात कधी पडला. उदाहरण देतो. विक्रम गोखले यांना ‘अनुमती’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कारवर्ष २०१२, पुरस्कार साठावे, घोषणा मार्च २०१३ मध्ये, प्रदान ३ मे २०१३ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते. हा पुरस्कार ‘पानसिंग तोमर’साठी इरफान खान यांच्यासोबत विभागून होता, तेही लिहायलाच हवं. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली आपल्या कोल्हापूरची उषा जाधव, ‘धग’साठी. आता कुणी २०१२ लिहितं, कुणी २०१३, आणि दोन्ही ओळी एकाच यादीत आल्या की एकाचे दोन पुरस्कार होतात! मी नेहमी पुरस्कारवर्ष लिहितो, कंसात प्रदानाची तारीख. राष्ट्रीय पुरस्कारात वर्ष सेन्सॉर प्रमाणपत्रावरून ठरतं, चित्रपटगृहात कधी लागला त्यावरून नव्हे. राज्य पुरस्कारांत तर दोन-दोन वर्षांचे सोहळे एकत्र होतात. ६० वे आणि ६१ वे राज्य चित्रपट पुरस्कार ५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत एकाच सोहळ्यात दिले गेले. तिथे नुसतं २०२५ लिहिलंत तर पुढच्या अभ्यासकाला काहीच बोध होणार नाही.

रंगभूमीवर साल आणखी निसरडं. चित्रपट एकदा पडद्यावर आला की आला. नाटक मात्र दहा वर्षं चालतं, मधेच नट बदलतात, संस्था बदलते, पुनरुज्जीवन होतं. ‘नटसम्राट’ डिसेंबर १९७० मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने आणलं. डॉ. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी अशा दिग्गजांनी बेलवलकरांची भूमिका केली. म्हणून नाटकाच्या ओळीत नाटक, भूमिका आणि सादर करणारी संस्था हे तिन्ही हवेत. नुसतं नाटकाचं नाव लिहून भागत नाही.

आता तक्ता कसा दिसावा ते एका नामवंत कारकिर्दीवरून बघू. रोहिणी हट्टंगडी मूळच्या रंगभूमीच्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या. ‘गांधी’तल्या कस्तुरबांसाठी १९८३ मध्ये त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा बाफ्टा (ब्रिटिश चित्रपट अकादमीचा पुरस्कार) मिळाला, ‘रेड्स’मधल्या मॉरीन स्टेपलटन यांच्यासह विभागून. तिथे चार नावं आधी जाहीर झाली होती, त्यात ‘गांधी’तल्याच कॅन्डिस बर्गनही होत्या. म्हणजे या ओळीत नामांकन आहे आणि विजयही आहे. परदेशी याद्यांत अशी ओळ बेरजेत एक नामांकन आणि एक विजय अशी दोन्हीकडे धरतात, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. तुम्ही एकच ओळ लिहा, निकालाच्या रकान्यात ‘विजयी (विभागून)’. पुढे ‘पार्टी’साठी १९८४ चा राष्ट्रीय पुरस्कार, साहाय्यक अभिनेत्रीचा. इथे नामांकनच नाही, म्हणून निकालाचा रकाना ‘प्राप्त’. ‘अर्थ’ आणि ‘अग्निपथ’साठी फिल्मफेअर, तिथे पुन्हा नामांकनातून विजय. आणि २००४ ची संगीत नाटक अकादमी, रंगभूमीवरच्या अभिनयासाठी, कुठल्याही एका नाटकाला न जोडलेली. पाच पुरस्कार, तऱ्हा चार. अकादमीची ओळ ‘कलाकृती’ या रकान्यात बसत नाही, म्हणूनच मी सन्मान आणि स्पर्धेतले पुरस्कार वेगळे छापतो.

मामांच्या पानावर आधी सन्मान येऊ द्या: शासनाचे, अकादमीचे, नाट्य परिषदेचे, जीवनगौरव. मग रंगभूमी, भूमिकेनुसार. मग चित्रपट आणि मालिका, निकालाच्या रकान्यासह. वाहिनीने स्वतःच्याच मालिकांना दिलेले आणि प्रेक्षकांच्या मतांवरचे पुरस्कार मालिकांच्या भागात, कोणत्या वाहिनीचे ते स्पष्ट लिहून. सत्कार, मानपत्रं, गल्लीतल्या मंडळाचा गौरव, नागरी सत्कार हे सगळ्यांत शेवटी, एका परिच्छेदात. तिथे फेटा, शाल, श्रीफळ सगळं आलं. मात्र मानपत्राचा मजकूर वाचल्याशिवाय फाइल मिटू नका. जुन्या मानपत्रांत भूमिकांची, नाटकांची, सालांची जंत्री असते आणि ती बहुधा त्या वेळी स्वतः नटाला विचारून लिहिलेली असते.

देणाऱ्याचं नाव पूर्ण लिहायचं, यात कुचराई नको. ‘फाळके पुरस्कार’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात भारत सरकारचा, १९६९ पासून दिला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार येतो. फाळक्यांचं नाव जोडलेले खासगी पुरस्कार मात्र पुष्कळ आहेत. त्यातले काही मनापासून दिलेले असतीलही, पण छापताना ‘अमुक प्रतिष्ठानचा’ हे आलंच पाहिजे. शाहू महाराजांच्या नावाचंही तेच. २६ जूनला शाहू मेमोरियल ट्रस्टतर्फे दिला जाणारा राजर्षी शाहू पुरस्कार वेगळा आणि तालुक्यातल्या एखाद्या मंडळाचा ‘शाहू पुरस्कार’ वेगळा. शिवाय ट्रंकेत अशी पत्रंही निघतील की ‘आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरून समारंभास या’. शुल्क भरून आणलेली ट्रॉफी यादीत घेऊ नये, हे माझं ठाम मत. मामा रागावतील. रागावू देत, दोन दिवसांत शांत होतील.

एकूण आकडाही छापू नका. ‘शंभराहून अधिक पुरस्कार’ ही ओळ निमंत्रणपत्रिकेत जन्म घेते आणि सूत्रसंचालकाच्या तोंडी वाढत जाते. डॉ. श्रीराम लागूंच्या नावापुढे १९७४ ची पद्मश्री, ‘घरौंदा’साठी १९७८ चा फिल्मफेअर, २०१० ची संगीत नाटक अकादमीची रत्न सदस्यता असं लिहिलं की वाचणारा आपोआप सावरून बसतो, बेरीज कुणी विचारत नाही. रत्न सदस्यता एका वेळी हयात असलेल्या जास्तीत जास्त चाळीस जणांनाच असते, हे माहीत असणाऱ्याला त्या एका ओळीचं वजन कळतं. मामांच्या यादीत असं काही असेल तर एका वाक्याची टीप जरूर द्या.

पडताळणीला फार लांब जावं लागत नाही. पद्म पुरस्कारांची १९५४ पासूनची यादी आणि संगीत नाटक अकादमीच्या मानकऱ्यांची यादी संकेतस्थळावर मिळते. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या वार्षिक पुस्तिका निघतात, त्यांत परीक्षकांनी प्रत्येक पुरस्कारामागे लिहिलेलं एक-दोन ओळींचं कारण असतं. तेवढं उतरवून घेतलंत तर पानाला उठाव येईल. राज्य नाट्य स्पर्धेच्या जुन्या निकालांसाठी सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे अर्ज करा, माहितीच्या अधिकारातही मागता येतं. त्याला वेळ लागतो, तोवर वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळा. करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय इथून सुरुवात करा. निकाल साधारण कोणत्या महिन्यात लागला हे मामांना विचारून जा, नाहीतर वर्षभराची फाइल उलथावी लागते. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालयही आपल्याच गावात आहे, चित्रपटांच्या नोंदींसाठी तिथे एक फेरी घाला. जिथे कागद सापडला नाही पण मामांना पक्कं आठवतं, तिथे ओळीपुढे ‘स्वतः कलावंताने दिलेली माहिती’ असं लिहा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट बाकीच्या ओळी कागदावरून घेतल्यात हे आपोआप सिद्ध होतं.

मामांना पद्मश्री असेल तर एक सूचना, आणि नसेल तर पाहुण्यांच्या बाबतीत तीच उपयोगी पडेल. पद्म पुरस्कार ही पदवी नव्हे. नावाच्या मागे-पुढे लावायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात सांगितलं आहे. आपल्याकडे निमंत्रणपत्रिकेवर सर्रास ‘पद्मश्री अमुक’ छापतात. अंकात ‘पद्मश्रीने सन्मानित’ असं लिहा.

यादी करण्याच्या निमित्ताने सगळे कागद स्कॅन करून घ्या, आणि हे काम आधी करा, यादी नंतर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्याकडच्या किती घरांतले अल्बम आणि फायली लगदा होऊन बाहेर आल्या ते तुम्ही बघितलंच असेल. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली वास्तू जाऊ शकते, तिथे ट्रंकेचं काय घेऊन बसलात! प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका, प्लास्टिक नंतर कागदापासून सुटत नाही आणि आत ओल धरली तर अक्षरं जातात. सपाट ठेवा, मध्ये साधा पांढरा कागद घाला, टाचण्या आणि स्टेपल काढून टाका. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका.

स्कॅन करताना हस्तपत्रिका वगळू नका, बक्षिसाचा कागद नसला तरी. त्यांवर मामांसोबत काम केलेल्या प्रत्येकाचं नाव आहे: प्रॉम्प्टर, रंगभूषाकार, पेटीवाला, दोन वाक्यांची भूमिका केलेले शिक्षक. यातले बरेच आता सत्तरीच्या पुढचे असतील आणि त्यांच्याकडे पुरस्कार सोडा, आपण काम केलं याचा एक कागदही नसतो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना आहे, महिना पाच हजार रुपयांची. तिच्या अर्जाला वर्षानुवर्षांच्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. ज्यांची नावं सापडतील त्यांना त्या हस्तपत्रिकेची छापील प्रत घरी नेऊन द्या. टपालाने किंवा मोबाइलवर पाठवलीत तर यातल्या निम्म्यांपर्यंत ती पोचणार नाही.